सिलिअ‍ॅक असलेल्या मुलाने पथ्य स्वतःहून पाळावं म्हणून तुम्ही काय करता?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत. दीड वर्षापूर्वी सिलिअ‍ॅकचं निदान झालं, म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन त्याच्या आतड्याला चालत नाही. त्याआधी दोन वर्षं पोट फुगणं, रक्त कमी, उंची वाढत नाही असं चालू होतं. जंताची औषधं झाली, लोहाची सिरपं झाली. शेवटी टीटीजीची (सिलिअ‍ॅकमध्ये रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडाची) रक्ततपासणी आणि एंडोस्कोपी झाल्यावर कारण कळलं. गहू, रवा, मैदा, सातू सगळं बंद केलं आणि सहा महिन्यांत पोरगं नुसतं फुललं. टीटीजीही भराभर उतरला.

गेल्या महिन्यात तपासलं तर तो पुन्हा चढलेला. घरात मी डोळ्यांत तेल घालून सांभाळते, मग हे कुठून आलं ते कळेना. दप्तर आवरताना वहीच्या पानात गुंडाळलेला पावाचा अर्धा तुकडा सापडला. शाळेत डबा बदलून खातोय. त्याची भाकरी मित्र आवडीने खातो आणि मित्राची पावभाजी हा खातो. विचारलं तर म्हणाला, "आई, पाव खाऊन मला काहीच होत नाही. तूच म्हणायचीस की पोट दुखेल. दुखलं नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डिसेंबरमध्ये शाळेची तीन दिवसांची सहल आहे. पाठवू की नको? आणि मुख्य प्रश्न असा, की मी समोर नसतानाही त्याने पथ्य पाळावं यासाठी तुम्ही घरी नेमकं काय केलंत? पाककृती चालतीलच, पण मला त्याच्या मनाचं विचारायचंय.

पारिजातक
आधी तुम्हाला एक घट्ट मिठी. आमची लेक नऊ वर्षांची, निदानाला पाच वर्षं झाली. सविस्तर रात्री लिहिते.

बाळंतविडा
वाचतेय. भाच्याला नुकतंच निघालंय.

मुळाकाठी
माझं मत थोडं वेगळं आहे. मुलांना एवढं बांधून ठेवलं की ती चोरून खातातच. महिन्यातून एकदा, वाढदिवसाला वगैरे, आपल्यासमोर एखादा केकचा तुकडा दिला तर चोरी थांबेल. आमच्या शेजारच्या मुलाला गव्हाची अ‍ॅलर्जी होती, थोडं थोडं देत गेले आणि आता तो सगळं खातो. शिवाय खपली गहू वापरून बघा. जुनं वाण आहे, पचायला हलकं. आमच्या सांगलीकडे मधुमेहीसुद्धा खातात.

कृष्णेकाठचा_डॉक्टर
@मुळाकाठी, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय हे कळतंय, पण कोणी वाचून तसं करायला नको म्हणून स्पष्ट लिहितो. मी बालरोगतज्ज्ञ आहे.

अ‍ॅलर्जी वेगळी आणि सिलिअ‍ॅक वेगळा. गव्हाची अ‍ॅलर्जी लहान वयात असते आणि बऱ्याच मुलांची पुढे जाते. सिलिअ‍ॅकमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती ग्लुटेनमुळे स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, अन्नरस तीच शोषून घेते. ती लव झिजून सपाट होते. मग मूल कितीही खाऊ दे, लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही. हे आयुष्यभराचं आहे आणि सवय करून ते जात नाही.

"थोडंसं" म्हणजे किती, तेही सांगतो. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा झालेली दिसली आहे. आपल्या एका पोळीत दोन-तीन ग्रॅम असतं, म्हणजे त्याच्या चाळीस ते साठ पट. आणि खपली हा गहूच आहे. त्यात ग्लुटेन असतं, तो अजिबात चालणार नाही. आंबवलेला ब्रेड, मोड आणलेले गहू, लापशी, सगळ्याला तेच लागू.

@गोदाकाठ, मुलगा खोटं बोलत नाहीये. अनेक मुलांना खाल्ल्याबरोबर काहीही होत नाही. आत नुकसान चालू असतं, बाहेर कळत नाही. म्हणून "पोट दुखेल" हे कारण देऊ नये. ते एकदा फोल ठरलं की तुमच्या बाकीच्या सांगण्यावरचाही विश्वास जातो.

मुळाकाठी
डॉक्टर, खपलीचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे सगळे "खपलीने त्रास होत नाही" असंच म्हणतात. मागे घेतो. केकचंही मागे घेतो.

सह्यकडा
खपली आणि सातू, या दोन्हींत लोक फसतात. आपण ज्याला सातू म्हणतो ते बार्ली, म्हणजे जव. सातूच्या पिठात तर बऱ्याच घरी गहूही असतो. दुधात घालायच्या बऱ्याच पावडरींत माल्ट असतं, म्हणजे पुन्हा जवच. कॉर्नफ्लेक्स मक्याचे म्हणून बिनधास्त देतात, त्यावरही "माल्ट" लिहिलंय का ते बघावं.

पारिजातक
रात्री लिहिते म्हणाले होते, आता जरा निवांत झाले.

आम्ही पहिल्या वर्षी घरात दोन चुली मांडल्यासारखं केलं होतं. तिचा तवा वेगळा, तिचं कपाट वेगळं, तिच्या डब्याला लाल चिकटपट्टी. डॉक्टरांनी सांगितलं तसं चोख. एक दिवस पंगतीत ती म्हणाली, "माझंच जेवण आजारी आहे का?" पाच वर्षांची पोर. मला घास गिळेना.

त्या आठवड्यात आम्ही ठरवलं, घरात गहू आणायचाच नाही. सासरे सत्तरीचे, जन्मभर पोळी खाल्लेले. ते म्हणाले, "माझ्या आईने दुष्काळात मिलोची भाकरी खाऊन आम्हाला वाढवलं, मला ज्वारी जड आहे का?" चार वर्षं होतील आता. घरातल्या घरात लेक काहीही उचलून खाऊ शकते, विचारावं लागत नाही. तिला हीच मोठी मोकळीक वाटते. बाहेर नाही म्हणायची ताकदही त्यातूनच येते असं मला वाटतं.

शेवंता_इंदूर
पारिजातक, वाचून डोळे भरले. पण सगळ्यांना हे जमेल असं नाही गं. आमचं एकत्र कुटुंब आहे इंदूरला, अकरा माणसं, तीन मुलं. इथे गहू म्हणजे अन्न. उत्तरेकडे हा आजार साधारण शंभरात एकाला असतो असं पाहणीत आलंय, दक्षिणेत खूपच कमी. तरी इथेही लोकांना नावच माहीत नाही. जावांना गहू सोडा म्हणणं मला शक्य नाही आणि बरोबरही वाटत नाही. माझ्या मुलाला पुढे गव्हाच्याच जगात राहायचंय. घरीच त्याने शिकावं की ताटात पोळी आहे, ती माझी नाही, आणि त्यात रडण्यासारखं काही नाही.

आम्ही एवढंच करतो, त्याचं आधी शिजतं. सकाळी ओटा पुसून पहिली त्याची भाकरी, मग पोळ्या. लाकडी पोळपाट-लाटणं, चाळणी, लोखंडी तवा त्याचा वेगळा, कारण लाकडाच्या भेगांत आणि चाळणीच्या जाळीत पीठ बसतं. स्टीलची भांडी स्वच्छ घासली की चालतात. तळण आधी त्याचं, मग बाकीच्यांचं. बाकीच्यांचं तळलेलं तेल पुन्हा त्याच्यासाठी वापरायचं नाही.

पारिजातक
शेवंता, पटलं. अकरा माणसांच्या घरात मीही असंच केलं असतं.

हिंगाष्टक
हिंगाचं कोणी लिहिलं नाही अजून! बाजारात मिळतो तो डबीतला बांधानी हिंग. खरा हिंग फार उग्र, म्हणून पीठ आणि डिंक घालून सौम्य करतात, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं असतं. फोडणी, गोडा मसाला, पापड, लोणचं, सगळीकडे हिंग. आम्हाला आठ महिन्यांनी कळलं. तोवर बाकी सगळं पाळूनही टीटीजी हलत नव्हता. आता तांदळाच्या पिठातला आणतो, डबीवर लिहिलेलं असतं. नाहीतर खडा हिंग.

गोदाकाठ
अरे देवा. हिंग!! आत्ता उठून डबी पाहिली. गहूच लिहिलाय.

सह्यकडा
@गोदाकाठ, मग मेतकूट आणि थालिपिठाची भाजणीही बघा. दोन्हींत पुष्कळ ठिकाणी गहू भाजून घालतात. चकलीच्या भाजणीत बहुधा नसतो, पण विकतची असेल तर विचारायचंच.

बाळंतविडा
गिरणीचं काय करता? ज्वारी दळून आणतो, पण त्याच जात्यावर आधी गहू असतो ना?

शेवंता_इंदूर
असतोच. "सकाळी पहिलं दळून देतो" म्हणतात, पण दगडांत कालचं पीठ राहतं. आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधी घातला नाही. महाग वाटली, पण दर महिन्याची चिंता गेली. धान्य मात्र परातीत निवडून घ्यायचं, ज्वारीत चार गव्हाचे दाणे हमखास निघतात. हे निवडायचं काम माझा मुलगा करतो. निघालेले गहू मोजून ठेवतो आणि संध्याकाळी बाबांना आकडा सांगतो. एकदा सतरा निघाले होते.

उट्रेख्तवासी
नेदरलँड्समध्ये राहतो, मुलगी बारा वर्षांची, सिलिअ‍ॅक. इथलीच एक गोष्ट सांगतो, कारण आमच्या मुलीला पथ्यामागचं कारण त्यातून पटलं.

शंभर वर्षांपूर्वी या आजाराची मुलं चक्क दगावायची. १९२४ साली अमेरिकेत हास नावाच्या डॉक्टरने केळ्यांचा आहार काढला. मुलं केळी खाऊन सुधारायची, कारण पाव बंद व्हायचा. सगळ्यांना मात्र वाटलं की गुण केळ्याचा आहे. मुलं बरी झाली की पुन्हा पाव सुरू. खरं कारण विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने शोधलं. त्याला युद्धाआधीपासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात इथे भयंकर उपासमार झाली, माणसं ट्युलिपचे कंद खायची. बाकी मुलं खंगत होती तेव्हा सिलिअ‍ॅकची मुलं पावाविना उलट तग धरून होती, आणि पाव परत मिळायला लागल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्याने उट्रेख्तला प्रबंध सादर केला.

मुलीला हे सांगितलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे त्या मुलांना कारण माहीत नव्हतं. मला माहीत आहे." तेव्हापासून शाळेत कोणी विचारलं की ती हीच गोष्ट सांगते.

पारिजातक
किती सुंदर सांगितलंत! आज लेकीला झोपताना हीच गोष्ट.

आजी_१९५२
मी सहसा नुसतं वाचते. आज लिहिते, कारण या धाग्यावर सगळ्या आया आहेत आणि चोरून खाऊ घालणारी आजी मीच होते.

नातू माझा. सुनेने सांगितलं होतं, लेकाने सांगितलं होतं. मला वाटायचं, आमच्या वेळी नव्हतं कुठलं ग्लुटेन. होळीला पोरगं पुरणपोळीकडे बघत बसलेलं मला बघवेना. मागच्या अंगणात नेऊन अर्धी पोळी तुपाशी भरवली. "आईला सांगू नको" असंही म्हणाले. असं तीन-चार सणांना झालं. मग त्याची तपासणी बिघडली आणि सून स्वतःला दोष देत रडायला लागली, की माझ्याच हातून काहीतरी चुकतंय. त्या रात्री मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही, पण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी नातवाला चोरून खायला शिकवलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. आता मी उकडीच्या मोदकाच्या पारीत पुरण भरते. तांदळाची उकड, आत पुरण, वरून तुपाची धार. होळीला आमच्या घरी आता तेच होतं, सगळ्यांसाठी. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा वरीच्या तांदळाचा करते. गुरुजींना आधी विचारलं, त्यांनी आनंदाने होकार दिला. आणि उपासाचं सगळं, साबुदाणा, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, त्याला चालतं. एकादशीला तो खूश असतो, त्या दिवशी सगळं घर त्याचंच खातं.

गोदाकाठ
आजी, तुम्हाला नमस्कार. माझ्या सासूबाईंना हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

आजी_१९५२
दाखव बाळ. आणि त्यांच्यावर रागावू नकोस.

वाळवंटातला_कवी
राजगिऱ्याचा लाडू हे आपल्या संस्कृतीने सिलिअ‍ॅक मुलांसाठी आधीच करून ठेवलेलं चॉकलेट आहे!

हिंगाष्टक
+१. आणि पोहे! आपला राष्ट्रीय नाश्ता!

कृष्णेकाठचा_डॉक्टर
दोन गोष्टी राहिल्या. एक, ज्यांच्या घरी शंका आहे पण तपासणी व्हायची आहे, त्यांनी आधी गहू बंद करू नये. बंद केल्यावर टीटीजी उतरतो आणि निदान चुकतं. दोन, सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करून घ्या, त्रास नसला तरी. पाकिटावर "ग्लुटेन फ्री" असेल तर आपल्याकडच्या नियमाने किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसायला हवं. नुसतं "मल्टिग्रेन" किंवा "मिलेट" लिहिलेल्या बिस्किटात मैदा असू शकतो, मागची बाजू वाचा. ओट्स साध्या पाकिटातले नकोत, त्यात गव्हाची भेसळ असते.

दाराची_चौकट
@गोदाकाठ, तुमचा मूळ प्रश्न मनाचा होता आणि आपण सगळे स्वयंपाकघरात शिरलो. मी सव्वीस वर्षांचा आहे, निदान अकराव्या वर्षी झालं. म्हणजे मी तो मुलगा आहे, म्हणून लिहितो.

मीही चोरून खायचो. भूक म्हणून नव्हे. डबा उघडल्यावर चारजण वाकून बघायचे, ते नको व्हायचं. "तुला काय झालंय?" या प्रश्नाचा कंटाळा यायचा. पाव खाल्ला की तो प्रश्न यायचा नाही. तुमच्या मुलाला पाव हवाय की बाकीच्यांसारखा डबा हवाय, हे त्याला विचारून बघा. विचारताना रागवू नका, आणि विचारून झाल्यावर लगेच उपदेश नको.

मला दोन गोष्टींचा उपयोग झाला. आमच्या घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उंचीच्या खुणा आहेत, माझ्या आणि धाकट्या बहिणीच्या. आठ ते अकरा माझ्या खुणा एकमेकींना चिकटलेल्या आहेत, नखभर अंतर. बहीण मला गाठत आलेली. अकरानंतर एकदम चार बोटं वर. बाबांनी मला चौकटीसमोर उभं केलं, बोट ठेवून दाखवलं आणि काही बोलले नाहीत. पोट दुखतं की नाही हा वादच संपला. माझा पुरावा माझ्या उंचीत होता.

दुसरं, आईने विचारायचं काम माझ्यावर सोपवलं. हॉटेलात ती तोंड उघडायची नाही. "काका, या डोशाच्या पिठात रवा किंवा मैदा आहे का? सांबारात हिंग कुठला?" हे मीच विचारायचं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही आणि नुसतं ताक पिऊन घरी आलो. पण नंतर जमलं. पथ्य आईचं होतं तोवर मी ते मोडत होतो. माझं झाल्यावर मोडायला कोणी समोर उरलंच नाही.

आणि कधी चुकून किंवा मुद्दाम खाल्लं तर घरी सांगता आलं पाहिजे. सांगितल्यावर ओरडा बसला, की पुढच्या वेळी सांगणार नाही. सहलीला पाठवाच.

गोदाकाठ
हे तीनदा वाचलं. आज रात्री बोलते त्याच्याशी.

पारिजातक
सहलीसाठी : भाजलेले पोहे, राजगिरा लाडू, खाकरा नको (गव्हाचा असतो), गरम पाण्यात होणारा तांदळाच्या रव्याचा उपमा डब्यात. ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते. उकळत्या पाण्यात पीठ मळून, थोडं तांदळाचं पीठ घालून केली तर मऊ राहते. बाईंना आधी भेटून एक कागद द्या, काय चालतं ते आधी आणि काय नाही ते नंतर लिहून.

गोदाकाठ
(पाच आठवड्यांनी)
सगळ्यांना कळवायचं होतं. त्या रात्री त्याला विचारलं, पाव हवाय की काय हवंय? बराच वेळ उशीचा कोपरा चावत बसला. मग म्हणाला, "पोळीभाजीच्या डब्यासारखा डबा हवाय. भाकरी मोठी असते, सगळ्यांना दिसते." एवढंच होतं. आता मी तांदूळ-ज्वारीची छोटी, पातळ, पोळीच्या आकाराची करते आणि गुंडाळी करून देते. हिंग बदलला, घरघंटी सांगून ठेवलीय. आमच्या घराला चौकटीवर खुणा नव्हत्या, त्या दिवसापासून घालतोय.

सहलीला गेला होता. परत आला तो पाय धुवायच्या आधी म्हणाला, "आई, मी दोन कांदाभजी खाल्ली. बेसनाची आहेत का विचारलं होतं, काका हो म्हणाले. नंतर बघितलं तर त्याच कढईत ब्रेडपकोडे होते. मग तिसरं नाही घेतलं." माझ्या तोंडाशी खूप काही आलं होतं. मी एवढंच म्हटलं, "बरं झालं सांगितलंस. कढईचं विचारायचं आपल्या दोघांच्याही लक्षात नव्हतं." त्याने कागदावर स्वतःच्या अक्षरात "तेल" असं लिहून भर घातली.

टीटीजी जानेवारीच्या शेवटी करायचाय.

दाराची_चौकट
शाब्बास रे पठ्ठ्या! माझ्याकडून त्याला सांगा, पहिल्या वर्षी मी कढईचं विचारलं नव्हतं.

आजी_१९५२
छान. सासूबाई काय म्हणाल्या?

गोदाकाठ
आजी, त्या वाचून उठल्या आणि देवघरातल्या डब्यातला रवा शेजारी देऊन आल्या. आता संक्रांतीच्या गुळपोळीचं काय करायचं, ते तुम्हाला विचारायला सांगितलंय.

आजी_१९५२
पारीला तांदळाच्या पिठाची उकड घ्यायची, त्यात चमचाभर साबुदाण्याचं पीठ, म्हणजे फाटत नाही. गूळ मात्र किसून, तीळ आणि बेसन खमंग भाजून. पहिल्या दोन बिघडतील, त्या लाटणारीने खायच्या. तवा मंद ठेव.